‘भारत’ हे नाव नेमकं कुठल्या भरताचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठवीतल्या मुलीला वर्गात सांगितलं की दुष्यंत-शकुंतलेच्या भरतावरून देशाला भारत नाव पडलं. शेजारचे जैन काका म्हणाले, छे, ऋषभदेवांचा थोरला मुलगा भरत चक्रवर्ती, त्याच्यावरून. तुमच्या भावाने ऋग्वेदातल्या एका टोळीचं नाव घेतलं. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं की ‘भा’ म्हणजे तेज, ‘रत’ म्हणजे रमलेला, म्हणून भारत. आता या चौघांतलं कोण खरं, आणि ‘हिंदुस्थान’, ‘इंडिया’ मग कुठून आले?

तीस-एक वर्षं प्राचीन भारताचा इतिहास शिकवताना हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी आला. माझं उत्तर: भाऊ बरोबर. ग्रुपवरचं सोडून द्या. शिक्षिका आणि काका हे दोघे मात्र जुन्या, खऱ्याखुऱ्या परंपरा सांगताहेत. फक्त त्या परंपरा नाव रूढ झाल्यानंतर त्याचा खुलासा म्हणून आल्या आहेत. त्यातही गंमत अशी की पुराणांचा कौल शिक्षिकेपेक्षा काकांच्या बाजूने जास्त पडतो. तिथे येतोच.

आधी ग्रुपवरचं, कारण ते लवकर उरकतं. ऋग्वेदात हे नाव ‘भरत’ असं येतं, पहिला ‘भ’ ऱ्हस्व. म्हणजे मुळात ‘भा’च नाही, मग तेज कुठून आणणार? ‘भारत’ हे त्यावरून साधलेलं रूप आहे. रघूच्या कुळातला तो राघव, पांडूचे ते पांडव, मनूचे ते मानव, तसे भरताचे ते भारत. पहिला स्वर वाढतो, एवढाच नियम. ‘भरत’ हा शब्द ‘भृ’ धातूवरून येतो. वाहून नेणं, धारण करणं, पोसणं हे त्याचे अर्थ. आपण ‘भरणपोषण’ म्हणतो त्यातला ‘भरण’ तोच, ‘भार’ही तोच. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या जुन्या ग्रंथात अग्नीला ‘भरत’ म्हटलंय, कारण तो देवांकडे हव्य वाहून नेतो. तेजाची व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण ती कुणीतरी निवांत बसून केलेली आहे.

‘टोळी’ या शब्दाबद्दलही एक सांगून टाकतो. मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोर नाहीतर टोळधाड आठवते. ऋग्वेदाचा स्वतःचा शब्द ‘जन’ आहे. एका कुळाशी नातं सांगणारे, एकत्र फिरणारे, एकत्र लढणारे, गुरांवर जगणारे लोक. मी ‘जन’च वापरतो.

या भरतजनांची ऋग्वेदातली सगळ्यात जिवंत भेट तिसऱ्या मंडलातल्या तेहतिसाव्या सूक्तात होते. (मंडल म्हणजे ऋग्वेदाचा एक भाग, सूक्त म्हणजे त्यातलं एक स्तोत्र, ऋचा म्हणजे त्यातलं एक कडवं.) विश्वामित्र भरतांना घेऊन विपाश आणि शुतुद्री या नद्यांशी येऊन उभा आहे. आजच्या बियास आणि सतलज, पंजाबातल्या. नद्या भरून वाहताहेत. कवी त्यांना सैल सोडलेल्या दोन घोड्यांची उपमा देतो आणि वासराला चाटणाऱ्या दोन पांढऱ्या गाईंचीही. मग सुरू होतो संवाद, आणि तो चक्क विश्वामित्र आणि नद्या यांच्यात. नद्या आधी जरा ताठ्यात असतात: हा कोण बामण आम्हाला हाका मारतोय, याला हवंय काय? आम्ही इंद्राने वज्राने खोदलेल्या वाटेने निघालोय, आमचं वाहणं थांबायचं नाही. विश्वामित्र विनवतो: बहिणींनो, लांबून आलोय, गाड्या आणि रथ घेऊन. जरा वाका, पार होता येईल एवढ्या व्हा, पाणी गाडीच्या आसाखाली राहू द्या.

‘अधोअक्षाः’. आसाच्या खाली. ज्याने कधी भरल्या ओढ्यातून बैलगाडी घातलीय त्यालाच हा शब्द सुचेल. पाणी आसापर्यंत चढलं की गाडी तरंगू लागते आणि बैल बुजतात. नद्यांना हे पटतं. पोराला पाजणारी आई वाकते तशी वाकते, असं त्यांतली एक म्हणते.

पुढच्या ऋचेत भरतांचं नाव येतं आणि त्यांच्या जथ्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘ग्राम’: गाईंच्या शोधात निघालेला, इंद्राने प्रेरलेला ‘ग्राम’. आपलं ‘गाव’ ज्या शब्दावरून आलं तोच हा. पण इथलं गाव चाकांवर आहे आणि नदी ओलांडतंय. या लोकांना अजून ठरलेली जमीन नव्हती, तेव्हा त्यांच्या नावाची जमीन कुठून असणार? ऋग्वेदात भारत नावाचा देश कुठेच नाही, भरत नावाचे लोक आहेत. त्याच मंडलात, त्रेपन्नाव्या सूक्तात, ही ओळ येते:

विश्वामित्रस्य रक्षति ब्रह्मेदं भारतं जनम्।

विश्वामित्राचं हे मंत्रसामर्थ्य भारतजनाचं रक्षण करतं. ‘भारत’ हे रूप ऋग्वेदात अग्नीलाही लावलंय आणि इथे लोकांना, भूमीला मात्र कुठेच नाही. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जुनं लेखी उत्तर म्हणायचं तर या एका ओळीत आहे.

हे भरत राहायचे कुठे, याचाही माग लागतो. तेविसाव्या सूक्तात देवश्रवा आणि देववात हे दोघे भरत अग्नी मंथून काढतात आणि तो दृषद्वती, आपया, सरस्वती यांच्या काठी तेवू दे अशी प्रार्थना येते. हा आजच्या हरियाणातला, कुरुक्षेत्राच्या आसपासचा टापू. सिंधूपासून कन्याकुमारीपर्यंत वगैरे काही नाही. दोन-तीन जिल्ह्यांत मावतील एवढे काठ.

आणि हे लोक संख्येनेही फार नसावेत. सातव्या मंडलात वसिष्ठांच्या घराण्याने त्यांच्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते कुठल्याही राष्ट्रगौरवाच्या भाषणात तुम्हाला ऐकू येणार नाही. ‘दण्डा इवेद्गोअजनास आसन्परिच्छिन्ना भरता अर्भकासः’, म्हणजे गुरं हाकायच्या काठ्यांसारखे भरत छाटलेले, तुटपुंजे होते. मग वसिष्ठ पुढे झाला आणि तृत्सूंचे लोक पसरले. (तृत्सू हे भरतांचंच एक कूळ की त्यांचे सोयरे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, सुदास राजा दोघांचाही.) पुरोहिताने स्वतःची जाहिरात करायची म्हणून यजमानाला जरा जास्तच बारीक करून दाखवलं असेल, हे धरूनही ‘अर्भकासः’ हा शब्द साधा नाही.

त्या वसिष्ठांचं वर्णनही तिथेच आहे: पांढऱ्या वस्त्रांतले, केसांची गाठ उजवीकडे बांधणारे. एवढ्या जुन्या काळातल्या एखाद्या घराण्याची केशरचना आपल्याला माहीत असावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

याच सुदासाची ती प्रसिद्ध लढाई, दाशराज्ञ युद्ध. परुष्णीच्या, म्हणजे आजच्या रावीच्या काठी. समोर पुरू, यदू, तुर्वश, अनू, द्रुह्यू, मत्स्य, शिवाय पक्थ, भलानस, अलिन, विषाणिन, शिव. नावं मोजायला बसलात तर दहाच्या पुढे जातात, तेव्हा ‘दहा राजे’ हा आकडा फार काटेकोर धरू नका. शत्रूंनी नदीचा प्रवाह फोडायचा प्रयत्न केला, तो त्यांच्यावरच उलटला आणि बरेच वाहून गेले, असं सातव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तावरून दिसतं. ‘पक्थ’ म्हणजे आजचे पख्तून, ‘भलानस’ म्हणजे बोलन खिंडीकडचे, अशी जुळणी काही विद्वानांनी केलीय. नावं जुळतात खरी, पण नुसत्या नावावर मी पैज लावणार नाही.

या लढाईला कुणी ‘आर्य विरुद्ध अनार्य’ म्हणतं, कुणी ‘भारताचं पहिलं महायुद्ध’. दोन्हींना मूळ पाठ साथ देत नाही. त्याच मंडलातल्या त्र्याऐंशीव्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत इंद्र-वरुणांना विनवणी आहे की दास आणि आर्य अशा दोन्ही शत्रूंना मारून सुदासाला राखा. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली, पाणी, गुरं आणि वर्चस्व यांसाठीची मारामारी होती. काळाबद्दल वाद कायम आहेत. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ऋग्वेदाची रचना साधारण इ.स.पू. १५०० ते १००० या दरम्यान धरतात, मीही तेच धरून चालतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. लढाई जिंकणाऱ्यांचं नाव टिकलं, एवढं म्हणून भागत नाही. जिंकलेले बरेच असतात.

भरतांचे मोठे वैरी होते पुरू. सातव्या मंडलात सांगितलंय की भरताचा अग्नी पुरूंना लढायांत पुरून उरला. पण ऋग्वेदानंतरच्या संहिता आणि ब्राह्मणग्रंथ उघडले की पुरू हे वेगळे लोक म्हणून जवळजवळ दिसेनासे होतात, भरतही मागे सरतात, आणि पुढे येतं एक नवं नाव: कुरू. त्यांच्या शेजारी पंचाल. भरत आणि पुरू एकमेकांत मिसळून कुरू झाले, हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

या बदलाचा एक छान पुरावा राजसूय यज्ञात सापडतो. राज्याभिषेकाच्या वेळी पुरोहित जमलेल्या लोकांना राजा दाखवतो आणि म्हणतो, लोकहो, हा तुमचा राजा. आम्हा ब्राह्मणांचा राजा सोम. यजुर्वेदाच्या वेगवेगळ्या शाखांत हे वाक्य वेगवेगळं आहे. तैत्तिरीय संहितेत ते आहे ‘एष वो भरता राजा’, म्हणजे ‘भरतहो, हा तुमचा राजा’. काण्व शाखेच्या पाठात त्या जागी कुरू आणि पंचाल आले. आणि माध्यंदिन शाखेच्या पाठात नुसतं ‘एष वोऽमी राजा’: ‘हे अमुक लोकहो’. छापील अर्जातली मोकळी जागा असावी तशी. ज्या जनांत यज्ञ असेल त्यांचं नाव भरा.

शिक्षिकेचा भरत याच थरात पहिल्यांदा भेटतो. शतपथ ब्राह्मणात अश्वमेध केलेल्या राजांच्या जुन्या गाथा आहेत. त्यांत दुःषंताचा (म्हणजे दुष्यंताचा) मुलगा भरत येतो. त्याने यमुनेच्या काठी ७८ आणि गंगेच्या काठी ५५ घोडे यज्ञासाठी बांधले. पुढची गाथा बेरीजही करून देते, १३३. अप्सरा शकुंतलेने त्याला जन्म दिला हेही तिथेच येतं. पाहा, रावी-सतलज मागे राहिल्या, गंगा-यमुना आल्या. पण या भरतामुळे देशाला नाव मिळालं, असा एक शब्दही त्या गाथांत नाही.

महाभारतात? आदिपर्वात शकुंतलेची पूर्ण कथा आहे. आकाशवाणी दुःषंताला सांगते ‘भरस्व पुत्रम्’, मुलाला पोस. म्हणून तो भरत. शेवटी निकालाचा श्लोक येतो: ‘भरताद्भारती कीर्तिर्येनेदं भारतं कुलम्’. या भरतामुळे हे भारत ‘कुल’. मी वर्गात फळ्यावर हा श्लोक लिहून ‘कुलम्’ खाली रेघ मारायचो. पाठ्यपुस्तकांनी त्या जागी न बोलता ‘देश’ घातला. कालिदासाच्या शाकुंतलातही सातव्या अंकात हा मुलगा लोकांचं भरण करील म्हणून भरत म्हणवला जाईल असं येतं. राजाच्या नावाचा खुलासा तो, भूमीच्या नाही.

आणि महाभारतातली वंशावळ जरा उलटसुलट करून बघा. हा भरत कुणाच्या कुळातला? ययातीचा मुलगा पुरू, त्याच्या. शाकुंतलात दुष्यंताला ‘पौरव’ म्हणतात ते त्यामुळेच. ऋग्वेदात ज्या पुरूंशी भरतांचं हाडवैर, त्यांच्याच वंशात महाभारताने भरताला बसवलं. दोन घराणी सोयरिकीने एक झाली की नंतरचा कुळाचा भाट वंशावळीही शिवून एक करतो. आपल्याकडे अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता प्रश्न उरतो तो असा की कुळाचं नाव एवढ्या मोठ्या भूभागाला चिकटलं कसं? नेहमीची वाट साधी असते. जन एका जागी स्थिरावला की त्या जागेला त्याचं नाव पडतं. ‘जनपद’ या शब्दातच ते आहे, जनाने जिथे पाय रोवला ती जागा. संस्कृतात देशांची नावं अनेकवचनी असतात ती यामुळे: ‘कुरुषु’, शब्दशः कुरूंमध्ये, म्हणजे कुरुदेशात, ‘विदर्भेषु’, विदर्भांमध्ये, म्हणजे विदर्भात. लोक आणि भूमी यांना एकच शब्द. युरोपातही तेच झालं. फ्रँक लोकांवरून फ्रान्स, अँगल लोकांवरून इंग्लंड. फ्रेंच लोक आख्ख्या जर्मनीला अजून ज्या नावाने ओळखतात ते अलामान्नी या एका जनाचं.

पण भरत या वाटेने गेले नाहीत. बौद्ध अंगुत्तरनिकायात सोळा महाजनपदांची यादी आहे. काशी, कोसल, अंग, मगध, कुरू, पंचाल, मत्स्य, शूरसेन, अवंती, गंधार, कंबोज, चेदी, अगदी आपल्या गोदावरीवरचं अश्मकसुद्धा आहे. भरत नाहीत. पाणिनीच्या सूत्रांत ‘प्राच्यभरतेषु’ असा उल्लेख येतो, म्हणजे नाव पूर्ण पुसलेलं नव्हतं, पण राज्य म्हणून त्यांचं काही उरलं नव्हतं.

माझ्या मते नाव मोठं झालं ते याचमुळे. हे माझं अनुमान आहे, तसंच घ्या. कुरू म्हटलं की कुरूंची हद्द आली, मगध म्हटलं की मगधाची. मगधाच्या माणसाने स्वतःच्या देशाला कुरूंचं नाव कशाला लावून घ्यावं? ‘भरत’ या नावाचा मात्र सातबारा कुणाकडेच नव्हता. होती ती फक्त प्रतिष्ठा: जुना यज्ञ, जुने मंत्र, मोठा वंश, आणि पुढे त्या वंशाची जगभर गाजलेली भाऊबंदकी. असं नाव कुणालाही घेता येतं, कुणाच्या बांधाला धक्का लागत नाही.

हे घडत असतानाचा क्षण एका अर्ध्या ओळीत पकडायचा असेल तर भीष्मपर्व काढा. युद्धाच्या तोंडावर धृतराष्ट्र संजयाला विचारतो, एवढे राजे ज्या भूमीसाठी जीव द्यायला निघालेत ती आहे तरी कशी? संजय सुरुवात करतो:

अत्र ते वर्णयिष्यामि वर्षं भारत भारतम्।

‘हे भारता, तुला भारतवर्षाचं वर्णन सांगतो.’ (‘वर्ष’ म्हणजे इथे भूप्रदेश.) ‘भारत’ दोनदा, शेजारी शेजारी. पहिला भारत म्हणजे धृतराष्ट्र, भरतकुळातला म्हातारा. दुसरा भारत म्हणजे भूमी. पुढे संजय डोंगर, नद्या आणि जनपदं यांची लांबच लांब यादी देतो, गोदावरी, कृष्णवेणा, भीमरथी सगळं त्यात आहे. ती भूमी त्या म्हाताऱ्याच्या राज्याच्या कितीतरी पलीकडे जाते. कुळाचं नाव आणि देशाचं नाव एका श्वासात उच्चारलेली याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शिलालेखांत हे नाव कधी येतं? ज्ञात लेखांतला सगळ्यात जुना उल्लेख ओडिशात, भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीतल्या हाथीगुंफेत मानला जातो. कलिंगाचा राजा खारवेल याचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सतरा ओळींचा लेख, बहुतेकांच्या मते इ.स.पू. पहिल्या शतकातला. दगड पार झिजलाय. मी गेलो तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात काही अक्षरं उठून दिसली, दहा वाजल्यानंतर सगळं सपाट. दहाव्या ओळीत खारवेलाच्या कारकिर्दीच्या दहाव्या वर्षी ‘भरधवस’कडे मोहीम निघाल्याचं वाचलं जातं. भरधवस म्हणजे भारतवर्ष.

पण थांबा. कलिंगाचा राजा भारतवर्षावर चालून जातो, म्हणजे त्याच्या लेखी कलिंग त्या भारतवर्षात नव्हता! त्याच लेखात त्याने रठिक आणि भोजक यांना पायांशी वाकवल्याचं सांगितलंय. रठिक म्हणजे आपल्याकडचे, भोजक विदर्भाच्या बाजूचे असं सहसा मानतात. सातकणी, म्हणजे सातवाहन राजा, तोही वेगळा येतो. या लेखातलं भारतवर्ष बहुधा गंगेच्या खोऱ्यापुरतं असावं. आपण महाराष्ट्रातले लोक त्या हिशेबाने भारतवर्षाच्या बाहेरचे ठरतो. नाव तोवर वाढत होतं, पुरतं पसरलं नव्हतं.

पुराणांपर्यंत ते पसरलं. विष्णुपुराणाचा श्लोक तुम्ही ऐकलाच असेल:

उत्तरं यत्समुद्रस्य हिमाद्रेश्चैव दक्षिणम्।
वर्षं तद्भारतं नाम भारती यत्र सन्ततिः॥

समुद्राच्या उत्तरेला, हिमालयाच्या दक्षिणेला. इथे हद्दीचं काम निसर्गानेच केलंय. चौथा चरण मात्र नीट वाचा: जिथे ‘भारती संतती’ राहते. हद्द सांगून झाल्यावरही लोक आठवलेच. जुना ‘भारत जन’ या चरणात जिवंत आहे.

आणि हे वर्ष कुठल्या भरताचं, याला पुराणं काय सांगतात? बहुतेक ठिकाणी ऋषभाचा मुलगा भरत. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात नाभी, त्याचा ऋषभ, त्याचा भरत आणि ‘ततश्च भारतं वर्षम्’. भागवताच्या पाचव्या स्कंधात तर जुनं नावही दिलंय: आधी ‘अजनाभ’ म्हणायचे, या भरतापासून भारत म्हणू लागले. हाच भरत पुढे हरणाच्या पाडसात जीव गुंतवून बसतो आणि जडभरत म्हणून जन्माला येतो. दुष्यंताचा भरत विष्णुपुराणालाही ठाऊक आहे, चौथ्या अंशात तो येतो, पण देशाचं नाव त्याच्याशी जोडलेलं नाही. मत्स्य आणि वायुपुराण तिसरंच सांगतात: प्रजेचं भरण करतो म्हणून मनूलाच भरत म्हणतात, त्यावरून भारत. थोडक्यात, काकांना साक्षीदार मिळाले, आणि तेही वैदिक परंपरेतले.

जैनांकडे ऋषभदेव पहिले तीर्थंकर, भरत पहिला चक्रवर्ती आणि बाहुबली त्याचा धाकटा भाऊ. श्रवणबेळगोळला ज्या बाहुबलीच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ कोरलंय, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत ज्याची गणना होते, तो याच भरताचा भाऊ. तेव्हा काकांना हेही सांगा, ते खूश होतील.

मग हे राजे खोटे का? तसं मी म्हणत नाही. दौःषंती भरत नावाचा राजा असेलही. १३३ घोड्यांचा हिशेब कुणी उगाच ठेवत नाही. पण देशाच्या नावामागे राजपुत्र उभा करायची आपल्या ग्रंथांची एक ठरलेली पद्धत आहे. अंग, वंग, कलिंग, पुंड्र, सुह्म हे पाच देश, तर बळीराजाला बरोबर त्याच नावांचे पाच मुलगे. विदर्भ देश, तर ज्यामघाचा मुलगा विदर्भ. नाव आधी असतं, पूर्वज मागून येतो. भरतांच्या बाबतीत तीन आले, कारण नाव मोठं होतं आणि मागणी जास्त.

रामाचा भाऊ भरत आणि नाट्यशास्त्रवाला भरतमुनी, यांचा या सगळ्याशी संबंध नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून लिहून ठेवलं.

दुसऱ्या नावांचं थोडक्यात. अशोक आपल्या लेखांत ‘जंबुदीप’ म्हणतो, भारत म्हणत नाही. पुढे दोन्ही नावं एकात एक बसवली गेली, आणि ती मांडणी तुम्ही घरच्या पूजेत ऐकलेली आहे. गुरुजी संकल्प सोडताना म्हणतात, ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’; पुण्याचे गुरुजी दक्षिण तीर म्हणतात, गोदावरीच्या पलीकडचे उत्तर तीर. पाकिटावर पत्ता लिहावा तसं, आधी मोठं, मग लहान. ‘हिंदू’, ‘हिंदुस्थान’, ‘इंडिया’ ही सगळी सिंधू नदीची लेकरं. इराणी ‘स’चा ‘ह’ करतात, म्हणून इराणचा सम्राट पहिला दारयवहू याच्या लेखांत ‘हिंदुश’ हा प्रांत येतो. ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला. ही नावं पश्चिमेकडून बघणाऱ्यांनी दिली, त्यांना आधी नदी आडवी आली.

संविधान सभेत १८ सप्टेंबर १९४९ रोजी पहिल्या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की ‘भारत’ आधी यावं आणि ‘इंग्रजी भाषेत इंडिया’ असं नंतर. मध्य प्रांत-वऱ्हाडचे हे सदस्य. त्यांनीही दुष्यंत-शकुंतलेच्या भरताचा उल्लेख केला, पण व्युत्पत्तीवर एकमत नाही हे प्रामाणिकपणे सांगून. मतं पडली ३८ विरुद्ध ५१, आणि दुरुस्ती पडली. ‘इंडिया, अर्थात भारत’ हा क्रम राहिला तो असा.

मुलीने परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात असेल ते. एका गुणासाठी परीक्षकाशी भांडण नको. घरी मात्र तिला ते नद्यांचं सूक्त वाचून दाखवा, तेरा ऋचाच आहेत, मराठी भाषांतरं सहज मिळतात. भरत पार होतात ते बाराव्या ऋचेत. तेराव्यात पाण्याला शेवटची विनवणी आहे: तुझी लाट जुवाच्या शिवळांपर्यंत, म्हणजे खुंट्यांपर्यंत, चढली तर चढू दे, जुंपणीचे पट्टे तेवढे सोड, आणि या दोन गरीब बैलांना काही होऊ देऊ नकोस.